मोकळ्या तारेचे यादोभाऊ

श्री. यादवराव अलोणे यांची आणि माझी पहिली भेट एका बिघाडामुळे झाली. १९८३ च्या मे महिन्यात बल्लारपूरला, आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात, वाद्यवृंदाचा सराव चालू होता आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत घूं असा आवाज येत होता. मी त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन टेलिफोन केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले होते. वस्तीत ही बातमी सर्वांना होती, म्हणून मला बोलावणे आले.

बिघाड साधा होता. भिंतीतील सॉकेटला दोनच छिद्रे, म्हणून कोणीतरी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन करवतीने कापून टाकली होती. मी खिडकीतून एक तार बाहेर काढली आणि हातपंपाच्या पाइपला बांधली. नियमाने ही पद्धत बरोबर नाही, पण तेवढ्यापुरते काम झाले. आवाज बंद पडला. खात्री करण्यासाठी खाकी सदऱ्यातील एक किडकिडीत गृहस्थ पुढे आले, त्यांनी गळ्यात बेस गिटार अडकवली आणि पाचसहा सूर वाजवले.

“आता बराबर झालं ना, बाई?” त्यांनी विचारले.

मी म्हणाले, “अ‍ॅम्प्लिफायर बरोबर आहे. पण तुमची मोकळी तार पुढच्या सुरातही वाजत राहते. ती वेळेवर थांबत नाही.”

त्या गृहस्थांच्या वाजवण्यात दोष काढण्याची तिथे रीत नव्हती, हे मला ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग हातपंपाकडे जाणाऱ्या तारेकडे पाहिले आणि म्हणाले, “इंजिनेर बाई, तुमी मशीन दुरुस्त कराले आल्या का मले?”

सगळे हसले. मी हसले नाही. तेव्हा त्यांनी गिटार उतरवून माझ्यापुढे धरली. “घ्या मंग. थांबवून दाखवा.”

मला ती थांबवता आली नाही. पण गिटार मी पुढच्या आठवड्यातही हातात घेतली, आणि गेली पाच वर्षे घेत आहे. ज्या माणसाने चूक दाखवणाऱ्या अनोळखी मुलीच्या हाती आपले वाद्य दिले, त्यांच्या साठीनिमित्त हा लेख लिहिण्याचे काम गौरव समितीने माझ्याकडे दिले. मला शब्दांची फार सवय नाही. जे पाहिले तेवढेच लिहिते.

यादोभाऊ (आपण सारे त्यांना याच नावाने ओळखतो) नोकरीभर कोळसा खाणीत हॉलेजवर राहिले. खाणीच्या उतारावरून कोळशाच्या डब्यांची रांग लोखंडी दोराने वर ओढली जाते आणि खाली सोडली जाते. तो दोर गुंडाळणारे यंत्र यादोभाऊंच्या हाती असे. खाली काय चालले आहे हे त्यांना दिसत नसे. घंटीचा आवाज आणि दोराचा ताण, एवढ्यावरच त्यांचे काम चालायचे. घंटीचे इशारे ठरलेले असतात. चालत्या दोराला एक घंटी म्हणजे थांब. ते मला सांगत, “चालू कराची घाई सगळ्याइलेच असते. थांबवनारा जागा पायजे.” वाद्यवृंदातही त्यांनी हाच कायदा लावला होता. सरावात काही बिघडले की ते अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर बोटाच्या पेराने एकदाच ठोकत. एक घंटी. जो जिथे असेल तिथे थांबे.

बेस त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर हाती घेतला. त्याआधी ते भजनी मंडळात एकतारी धरत. नागपुरात एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना मोडक्या बेस गिटारची मान मिळाली, खुंट्यांसह आणि पडद्यांसह. धड नव्हते. धड त्यांनी बल्लारपुरातील सुताराकडून सागवानाच्या फळीचे करून घेतले. ते इतके जड आहे की पहिल्या महिन्यात माझ्या डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ कायम होता. परंतु त्या फळीचा आवाज मी नंतर पाहिलेल्या कोणत्याही विकतच्या वाद्याला नव्हता.

नव्या तारा परवडत नसत आणि इकडे मिळतही नसत. जुन्या तारांच्या वेढ्यांत घाम आणि धूळ बसली की आवाज मंदावतो. मग यादोभाऊ त्या उतरवून तपेलीत सोडा घालून उकळत. मी प्रथम हे त्यांच्या घरी पाहिले तेव्हा चुलीजवळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई उभ्या होत्या.

“पाहा बाई,” त्या मला म्हणाल्या, “माह्या घरी भाजी नाई, तारा शिजून राह्यल्या. फोडनी देऊ का?”

“दे न,” यादोभाऊ म्हणाले. “पन मीठ नोको घालू, गंज धरते.”

मी त्या तारा कोरड्या पुसून परत चढवल्या आणि वाजवून पाहिल्या. फरक स्पष्ट होता. तेव्हापासून टेलिफोन केंद्रातील सहकाऱ्यांनी कितीही थट्टा केली तरी मीही तारा उकळते.

मी वाद्यवृंदात वाजवावे यासाठी माझ्या वडिलांची संमती हवी होती. मी विचारले नव्हते. विचारून नकार घेणे मला मान्य नव्हते. एका रविवारी सकाळी यादोभाऊ आणि लक्ष्मीबाई दोघे आमच्या घरी आले. यादोभाऊंनी माझे कौतुक वगैरे काही केले नाही. ते वडिलांना म्हणाले, “गुरुजी, पोरगी हुशार हाय हे तुमाले मालूम हाय. मी ते सांगाले नाई आलो. जिथी कार्यक्रम असन तिथी हे लक्ष्मी तिच्यासंगं राहीन, इतकंच सांगाले आलो.” लक्ष्मीबाईंनी तो शब्द आजवर पाळला आहे. प्रत्येक कार्यक्रमाला त्या अ‍ॅम्प्लिफायरशेजारी सतरंजीवर बसतात. त्यांना गाण्यातले विशेष कळत नाही असे त्या स्वतः सांगतात, पण माझा सूर चुकला की त्यांचे सुपारी कातरणे थांबते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता आमच्या वादाबद्दल लिहिले पाहिजे, कारण दोन वर्षे आम्ही त्याच्याखेरीज फारसे काही बोललो नाही.

बेस गिटारला चार तारा असतात. बोट न लावता छेडली तर ती मोकळी तार. यादोभाऊ तिला ‘खुली’ म्हणतात. मानेवरील धातूच्या पडद्याला बोटाने टेकवून छेडली तर तो दाबलेला सूर. बहुतेक सूर दोन्ही प्रकारे मिळतात. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचाच सूर निघतो. स्वर एकच, तरी आवाज एक नाही. दाबलेला सूर गोल, आखूड आणि बोटाच्या ताब्यातला असतो. बोट सैल केले की तो थांबतो. मोकळी तार उजळ आणि लांब वाजते, आणि तिला थांबवण्यासाठी वेगळा हात लागतो.

मी दाबलेल्या सुराच्या बाजूची होते. माझ्याकडे कारणे होती आणि ती मी वहीत तक्त्याच्या रूपात लिहून काढली होती. गायक ज्या सुराला सा मानून गातो त्याला आपण पट्टी म्हणतो, आणि पेटीवरून तिची नावे घेतो: पांढरी एक, काळी एक, याप्रमाणे. बेसच्या चारही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांच्या आहेत. काळ्या पट्टीचा सा एकाही मोकळ्या तारेवर नाही. म्हणून मोकळ्या तारांवर बसवलेले गाणे एका पट्टीला बांधले जाते. दाबून बसवलेले गाणे मात्र हात दोन पडदे सरकवला की दुसऱ्या पट्टीत जसेच्या तसे जाते. हे गणित आहे. त्यात मताचा प्रश्न नाही, असे मी त्यांना सांगितले.

यादोभाऊंनी माझी वही शेवटपर्यंत पाहिली. “लय चांगलं लिवलं,” ते म्हणाले. “पन यात गानारा कुठी हाय?”

“गाणाऱ्याच्याच सोयीसाठी तर आहे.”

“सोय वेगळी आन् आधार वेगळा, बाई. दाबलेला सूर गानाऱ्याच्या मांगं मांगं चालते. खुली तार त्याच्या पायाखाली राह्यते.”

हे मोजता येत नव्हते, म्हणून मी ते मानले नाही. मी सगळी गाणी दाबूनच वाजवू लागले. त्यांनी मला कधी अडवले नाही. शिष्येने आपल्याविरुद्ध जाऊन नीट वाजवावे यासाठी ते माझ्या पडद्यांवरची बोटे दुरुस्त करत, बोट पडद्याच्या नेमके मागे टेकवायला लावत.

एकदा मात्र मला माघार घ्यावी लागली होती. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गोंड गावाने आम्हाला बोलावले होते. आम्ही पोहोचलो तर जनरेटर बिघडलेला. मी दोन तास खटपट केली. सुटा भाग नव्हता. माणसे शेजारच्या पाड्यांवरून चालत आली होती. विद्युत गिटार विजेशिवाय म्हणजे फळी. मी तसे सांगितले. यादोभाऊंनी आम्ही उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवरची धान्याची रिकामी लाकडी पेटी उलटी केली आणि गिटारच्या मानेचे टोक त्या पेटीवर घट्ट टेकवून तार छेडली. पेटी बोलू लागली. आवाज मोठा नव्हता, पण अंगणभर पोहोचत होता. घरातली म्हातारी पुढे आली, तिने पेटीवर तळवा ठेवला आणि गोंडीत काहीतरी म्हणाली. तिच्या मुलाने मराठीत सांगितले, “माय म्हणते, आत कोनी हाय.”

त्या संध्याकाळी माझे दाबलेले सूर पेटीत शिरण्याआधीच विझत होते. फक्त यादोभाऊंच्या मोकळ्या तारा ऐकू येत होत्या. मी वहीत नोंद केली: विजेशिवाय, अपवाद.

यानंतरचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण सर्वांना पूर्ण माहीत नाही. शकुंतलाबाई, म्हणजे आपल्या शकुबाई, प्राथमिक शाळेत शिकवतात आणि वाद्यवृंदाच्या पहिल्या दिवसापासून गातात. त्यांची पट्टी पांढरी सहा. बेसच्या दुसऱ्या मोकळ्या तारेचा सूर नेमका तोच आहे, आणि यादोभाऊंनी वाद्यवृंदाची सारी गाणी त्या एका तारेवर उभी केली होती. १९८५ साली शकुबाईंच्या गळ्यातील गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. त्या बऱ्या झाल्या, शाळेत रुजू झाल्या. आवाजही परत आला, पण खाली उतरून आला, आणि रोज वेगळ्या ठिकाणी. आज काळी तीन, तर उद्या काळी चार. सकाळी एक, संध्याकाळी दुसरीच. मध्येच तो फाटत असे.

तीन महिन्यांनी सावली या गावी वाद्यवृंदांची स्पर्धा होती. आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातून मंडळे यायची होती. सचिव आणि ऑर्गनवादक विनायकराव यांनी बैठकीत प्रस्ताव मांडला की नागपूरहून नवी गायिका आणावी. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते वाद्यवृंदाचा विचार करत होते. शकुबाई त्या बैठकीला मुद्दाम आल्या नव्हत्या.

यादोभाऊ म्हणाले, “विनायक, तुह्या ऑर्गनची बोटाखालची एक पट्टी तीन वर्सापासून वाजत नाई. ते ऑर्गन काढलं काय आपन?”

“भाऊ, ते मशीन हाय.”

“मंग? मशीनले तीन वर्स देल्ले, मानसाले तीन महिने नाई देत?”

विनायकराव म्हणाले, “देतो. पन सावलीले आवाज फाटला, तं पुढच्या सालापासून नवी गायिका. हे लिहून ठेवू का?”

“लिव,” यादोभाऊ म्हणाले. “आन् खाली हे बी लिव, का शकुबाई नाई तं बेसवाला बी नाई.”

ते खरोखरच लिहिले गेले. ठरावाच्या वहीत ते पान आजही आहे. म्हणजे सावलीला गायच्या तीन गाण्यांवर शकुबाईंची जागा होती आणि यादोभाऊंचीही. एवढे बोलून झाल्यावर त्यांनी जे केले, त्याला मी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम समजते. त्यांनी गिटार गळ्यातून काढली आणि माझ्याकडे दिली.

“सावलीले तुमी वाजवान.”

मी कारण विचारले.

“शकुबाईचा गळा त्या रोजी कोनत्या पट्टीले बसन, तिले बी मालूम नाई. मी खुल्या तारेचा मानूस. पट्टी हलली का माहा हात चुकते. तुमचा नाई चुकत. तुमच्या वहीत बराबर लिवून हाय ते.”

पंधरा वर्षे ज्या वाद्यावर त्यांचे नाव होते, ते वाद्य त्यांनी सगळ्यांसमोर सोडले, आणि तेही माझे म्हणणे त्यांच्यापेक्षा बरोबर आहे असे सांगून. बैठकीत कुजबुज झाली. मुलीच्या हाती बेस, आणि तेही स्पर्धेत! कोणीतरी म्हणाले, “भाऊ, पोरगी हाय.” यादोभाऊ म्हणाले, “हो, पाह्यलं मी. मंग?”

मी तीन महिने प्रत्येक गाणे बारा पट्ट्यांत बसवले. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. कोणत्याही क्षणी कोणतीही पट्टी सांगितली तरी हात बरोबर जाई. यादोभाऊ समोर बसून पट्टी बदलायला सांगत आणि चूक झाली की पेटीवर ठोकत. शेवटच्या पंधरवड्यात त्यांना ठोकावे लागले नाही. मला वाटले, काम पूर्ण झाले.

सावलीला धानाची कापणी उरकली होती. बाजाराच्या मैदानात मंच होता आणि आमचा क्रम दिवेलागणीला आला. मंचावर जाण्याआधी यादोभाऊंनी गिटार मागून घेतली आणि ऑर्गनच्या सुराशी चारही तारा पुन्हा जुळवल्या. दुसऱ्या तारेशी ते बराच वेळ अडून राहिले. खुंटी केसभर फिरवायची, ऐकायचे, पुन्हा फिरवायची.

मी म्हणाले, “भाऊ, ती मी मोकळी वाजवणारच नाही. एवढी जुळवण्याची गरज नाही.”

“नोका वाजवू,” ते म्हणाले. “मले लावून ठेवू द्या.”

पहिल्या गाण्याला शकुबाईंनी हळूच सांगितले, काळी तीन. मी हात नेला. गाणे सरळ पार पडले. आवाज जपून होता, पण फाटला नाही. दुसऱ्याला त्या म्हणाल्या, काळी चार. म्हणजे गळा चढत होता. माझे पडदे त्यांच्यासोबत चढले. दुसऱ्या गाण्यानंतर टाळ्या झाल्या, आणि मी अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिले तर लक्ष्मीबाईंचे सुपारी कातरणे चालू होते.

तिसऱ्या गाण्याआधी शकुबाई आमच्याकडे वळल्या. “सहा लावा,” त्या म्हणाल्या.

विनायकराव ऑर्गनवरून पुढे झुकले. “बाई, सहा?”

“सहाच म्हटलं मी. का फळ्यावर लिहून देऊ?”

ती त्यांची जुनी पट्टी होती. शस्त्रक्रियेनंतर त्या सहामध्ये एकदाही गायल्या नव्हत्या. मला भीती वाटली ती आवाजाची नव्हती. मला त्या गाण्याची रचना आठवली. शेवटच्या कडव्यात ऑर्गन आणि ढोलक पूर्ण थांबतात. शकुबाई वरचा सा लांब धरतात आणि त्याखाली फक्त बेस असतो. इतर पट्ट्यांत सराव करताना त्या जागी मी दाबलेला सा मात्रेमात्रेला पुन्हा छेडत असे, कारण एका छेडीत तो तेवढा टिकत नाही. मंचावर उभी राहिल्यावर मला प्रथमच कळले की त्या प्रत्येक छेडीला शकुबाईंचा श्वास तुटत होता. तीन महिने मी तो तोडत होते. मी बोटांचे गणित बरोबर केले होते आणि त्यांच्या श्वासाकडे लक्ष दिले नव्हते.

कडवे जवळ आले. माझा हात पाचव्या पडद्यावर होता. मी मंचाच्या कडेला पाहिले. यादोभाऊ बांबूच्या खांबाशी उभे होते. त्यांनी डावा हात खांद्याएवढा वर केला आणि पंजा उघडला. बोटे ताठ, हात रिकामा.

ऑर्गन थांबला. ढोलक थांबला. दोन वर्षांत प्रथमच मी माझा डावा हात तारेवरून उचलला, आणि दुसरी तार मोकळी छेडली. एकदाच.

त्या सागवानाच्या फळीतून जो सूर निघाला तो मंचाच्या फळ्यांतून माझ्या तळपायांत आला. तो हलला नाही. केसभर खाली नाही, केसभर वर नाही; जसा यादोभाऊंनी लावला होता तसा. शकुबाईंनी वरचा सा घेतला. पहिल्या क्षणी तो थरथरला. मग त्यांनी तो या तारेवर ठेवला, हे मी अगदी स्पष्ट ऐकले. थरथर गेली आणि आवाज उघडत गेला, शस्त्रक्रियेपूर्वी होता त्याहूनही भरलेला. सूर चालूच होता. श्वास संपत आला तेव्हा बांबूवर एकदा टक असे वाजले. एक घंटी. मी उजव्या हाताचा तळवा तारांवर टाकला, शकुबाईंनी ओठ मिटले, आणि दोन्ही आवाज एकत्र थांबले.

पहिल्या भेटीत मी ज्या दोषाबद्दल त्यांना बोलले होते, तो दोष थांबवण्यातला होता, तारेतला नव्हता. ते मला त्या संध्याकाळी समजले.

टाळ्यांबद्दल लिहीत नाही. जे तिथे होते त्यांना माहीत आहे; बाजारातले दुकानदार काट्याची पारडी वाजवत होते. पहिल्या क्रमांकाची ढाल शकुबाईंनी स्वीकारली आणि खाली उतरून ती सरळ यादोभाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती विनायकरावांकडे दिली. विनायकराव ढालीकडे पाहून म्हणाले, “भाऊ, ठरावाचं पान फाडून टाकू का?”

“नोको,” यादोभाऊ म्हणाले. “राहू दे. पुढच्या सचिवाले वाचाले पायजे.”

आठवड्याभराने विनायकरावांनी मला ऑर्गनची ती मुकी पट्टी दाखवली. आत संपर्कावर गंज होता. वीस मिनिटांचे काम निघाले.

त्यानंतर कार्यक्रम आम्ही वाटून घेतो. काळ्या पट्ट्यांची गाणी माझ्याकडे, पांढऱ्या पट्ट्यांची त्यांच्याकडे. तरी अनेकदा ते मला मध्येच गिटार देतात आणि स्वतः बांबूपाशी जाऊन उभे राहतात. माझ्या वहीतील तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे. प्रत्येक गाण्यापुढे गाणारा श्वास कुठे घेतो हे लिहिलेले असते. कुठे दाबायचे आणि कुठे हात उचलायचा हे त्यावरून ठरते. तो रकाना पाहून यादोभाऊ म्हणाले, “आता वहीत मानूस आला.” याहून मोठे प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, आणि पदविकेच्या प्रमाणपत्राशेजारी ते लावता येत नाही याचे मला थोडे वाईट वाटते.

या महिन्यात यादोभाऊ साठ वर्षांचे होत आहेत आणि खाणीच्या नोकरीतूनही मोकळे होत आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेले तिघे आज तीन मंडळांत बेस वाजवतात. त्यांतली एक घुग्घुसची मुलगी आहे, आणि तिच्या घरीही यादोभाऊ आणि लक्ष्मीबाई असेच एका रविवारी सकाळी गेले होते.

गौरव समारंभात शकुबाई गाणार आहेत. पट्टी त्यांनी आधीच कळवली आहे: पांढरी सहा. बेस स्वतः यादोभाऊ वाजवतील. कडेला बांबूपाशी या वेळी मी उभी राहीन. खाणीच्या धुळीने त्यांना जो खोकला दिला आहे तो आता नोकरीबरोबरच सुटो, गुडघे त्यांना विहाराच्या पायऱ्या चढू देवोत, उजव्या हाताचा अंगठा असाच स्थिर राहो, आणि लक्ष्मीबाईंच्या सोबतीने त्यांना पुढची अनेक वर्षे निरोगी आणि सुरेल लाभोत, ही आपणा सर्वांच्या वतीने माझी इच्छा. थांबवण्याचे काम त्यांनी मला शिकवले आहे. पण त्या दिवशी बांबूवर ठोकण्याची घाई मी करणार नाही. शकुबाईंचा श्वास आणि यादोभाऊंची तार जितकी चालेल तितकी चालू द्यायची आहे.

दुसरी तार मी लावून ठेवली आहे.